नत्थुजीच्या घरचं पाणी

अकोला, डाबकी रोड
११ एप्रिल

व्याहीबुवा,

हा कागद मी, मैनाबाई, बोलून राहिली अन् तुमची लेक लिहून राहिली. माह्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन बिघडलेलं, म्हून तिले बसवलं. आधी नाई म्हणत होती. मी म्हटलं, तू तुह्या बापाशी बोलू नोको, तू फक्त पेन धर. पेनाले काय राग असते?

(मी आचल. आई बोलतील तसं लिहिते आहे. कंसातलं माझं. ते नाही वाचलं तरी चालेल.)

फोन गंज वेळा करून पाहिला. तुमाले फोनवर ऐकू येत नाई, अन् तुमी सगळ्याले "हो हो, बरं हाय" म्हणता. परवा मी म्हटलं उठता-बसता टोंगळे लय दुखतात, तं तुमी म्हणाले, "हो हो, बरं हाय." अन् आचलचा आवाज आला का फोन सीधा पुंजारामच्या हातात. थो पुंजाराम तुमचा शेजारी हाय का वकील? म्हून म्हटलं कागद लिहू. कागद तुमी वाचता. शेंगदाण्याच्या पुडीचाही वाचता, असं तुमच्या लेकीनंच सांगतलं होतं.

आता मुद्द्याचं. यंदा वैशाखात तुमी आमच्याकडे राहाले या. धामणगावात तुमची खोली टिनाची. वर टिन, खाली तुमी, मधात पंखा, थो गरम हवा इकडून तिकडं करते. आमच्याकडे कूलर हाय, त्याले वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. आंगणात निंब हाय. मुख्य म्हणजे घरात माणूस हाय.

मागच्या वर्साचं मी इसरली नाई. मे महिना, भर दुपार. डोळ्याच्या दवाखान्यासाठी तुमी अकोल्याले आले अन् घडीभर आमच्या घरी टेकले. मी पाणी देलं, तुमी गिलास खाली ठेवला. पन्हं देलं, थेही ठेवलं. लेकीच्या पोटी लेकरू होईपावतर लेकीच्या घरचं पाणी पेत नाई म्हणे. हे आमच्यातही होतं, मले नवं नाई. पण तवा ऊन असं नोतं बापा, अन् लग्नाले वरीस झालं नाई का पाळणा हाले. तुमी तसेच कोरडे निघाले अन् स्टेशनावर जाऊन पडले. लोकायनं दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, डॉक्टर म्हणे आणखी उशीर झाला असता तं म्हातारा गेला होता.

(पुढचं मी लिहिणार नाही. "लिही," म्हणतात.)

तवा आचल तुमाले खाटीपाशी उभी राहून बोलली, "माझ्या घरचं पाणी बाटलं का? मला मूल झालं नाही तर तुम्ही तहानेनं मरणार का?" तुमी तोंड भिताडाकडे केलं. तवापासून बाप गप्प, लेक गप्प, अन् मधात मी म्हातारी बोलून बोलून थकली.

(मी बोलले ते खरं होतं. आजही तेच बोलेन.)

येजा. तुमचा जीव वाचला पाहिजे, एवढंच. बाकीचं भांडण हिवाळ्यात करू.

तुमची विहीण,
मैनाबाई


अकोला
२४ एप्रिल

व्याहीबुवा,

तुमचं कार्ड भेटलं. आचलनं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मी म्हटलंही नोतं.

(ऐकू आलं नसेल असं वाटलं म्हणून वाचलं.)

तुमी लिहिता, "मी जलमभर रेल्वेच्या पटरीवर काम केलं, ऊन मले नवं नाई. रूळ वाकले, मी नाई वाकलो." माहा अमोल हसला. थो म्हणे, रूळ वाकू नये म्हून तं तुमाले भर दुपारी गस्त घालाले लावत होते. म्हणजे पाहा, लोखंडावर नजर ठेवाले माणूस होता. तुमच्यावर नजर ठेवाले कोण हाय? पुंजाराम? थो तं जेवला का घोरते, तुमीच सांगता.

खरं सांगू का, मलेही ऊन नवं नाई. मी चैतात वावरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या, तान्हं पोरगं झाडाखाली टाकून. पण तवा रात व्हये. आंगणात खाट टाकली का पहाटी गोधडी घ्या लागे. आता रात होत नाई, नुसता अंधार होते. भिताडं रातभर ताप सोडतात. मंग झोप नाई, सकाळी डोक्सं सुन्न, उभं राहिलं का घर फिरते. डॉक्टरनं बीपीची गोळी देली, तिच्यानं घडीघडी बाथरूमले जा लागते. बाथरूम आंगणाच्या पार, मधात तापलेली फरशी. म्हून मी पाणीच कमी पेते.

(आईंनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मी पेन थांबवलं तर म्हणाल्या, "लिही लिही, तुले नाई सांगून राहिली, व्याह्याले सांगून राहिली.")

आमचं ओट्यावर बसणं होतं संध्याकाळचं, आमी तीन बायका. एक नागपूरले लेकाकडे गेली. एक मागच्या जेठात झोपली थे उठलीच नाई. घरचे म्हणे हार्ट. मी त्या दिवशी तिच्या खोलीत गेली होती, चुलीत शिरल्यावानी वाटलं. आता दिवस बुडाला तरी ओट्यावर बूड टेकवत नाई. मी माह्या खिडकीत, समोर नत्थुजी त्याच्या खिडकीत. आमी एकमेकाले हात दाखवतो. थो जिता हाय हे मले समजते, मी जिती हाय हे त्याले समजते. संपलं बोलणं. असं बंद बसून बसून माणूस उन्हाच्या आधी बोलल्याबिगरच मरून जाईन.

म्हून या. तुमच्यासाठी येणं तुमाले जड जात असन, तं माह्यासाठी या. अमोल अन् आचल कामावर गेले का घरात मी अन् टीव्ही. टीव्ही माहं ऐकत नाई.

मैनाबाई

(मी लॅबच्या काउंटरवर बसते, माहीत आहे तुम्हाला. या दिवसांत म्हातारी माणसं येतात. काही बरळत असतात, काहींना स्वतःचं नाव आठवत नाही. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालेलं असतं, दुसरं काही नाही. सगळ्यांना कुणीतरी धरून आणलेलं असतं. प्रत्येक वेळी वाटतं, तुम्हाला कोण धरून आणणार. हे आईंनी सांगितलेलं नाही.)


अकोला
६ मे

व्याहीबुवा,

येतो म्हणाले, लय बरं वाटलं. अटी वाचल्या. "पाणी माहं मी आणीन, जेवण समोर नत्थुजीकडे सांगून ठेवा."

आता ऐका. नत्थुजी एकटा राहाते. मास्तर होता, पोट्ट्यायले पाढे शिकवले, पण त्याले चहा येत नाई. त्याच्या घरी सकाळचा डबा आमच्याच घरून जाते, दोन वर्सांपासून. तं कसं होईन सांगू? आचल पोळ्या करन. डबा रस्त्यापलीकडे जाईन. नत्थुजी झाकण उघडन, पाहीन, झाकण लावन. डबा परत इकडं येईन अन् तुमी जेवसान. रस्ता ओलांडला का पोळी नत्थुजीची. तुमाले हे समजन, पण समजून नाई समजल्यासारखं करजा. सोयऱ्याले एवढं जमलं पाहिजे.

(मला या नाटकात भाग घ्यायचा नव्हता. पण दुसरा उपाय तुम्ही धामणगावात उपाशी बसणं हा आहे.)

पाण्याचं. धामणगावहून रेल्वेत कॅन उचलून आणू नोका, खांदा निखळन. नत्थुजीच्या नळाचं भरू. तसा नळ दोन्ही घरी एकाच पाइपातून येते, येते तवा. तुमी म्हणाले कूलरपाशी बसाले हरकत नाई. म्हणजे कूलर आमचा, कूलरातलं पाणी आमचं, त्या पाण्यावरची हवा चालते, नुसतं पाणी नाई चालत. बरं बापा. तुमी या तं खरं.

मैनाबाई

(सकाळच्या गाडीनं निघा, दुपारची नको. दुपट्टा ओला करून डोक्याला बांधा. सोबत ओआरएसच्या पुड्या पाठवते आहे. दुकानातून घेतल्यात, माझ्या घरच्या नाहीत.)


२१ मे
(डब्याच्या झाकणावर चिकटवलेली चिठ्ठी)

वांग्याची भाजी आहे. मीठ कमी आहे, बीपीमुळे. दुपारी एक ते चार बाहेर पडू नका, पुंजारामकाकांना फोन करायचा असेल तर घरातून करा. आईंना दर तासाला पाणी प्यायला लावा, माझं ऐकत नाहीत.

— नत्थुजी

(त्याच चिठ्ठीच्या मागे, बाबांच्या अक्षरात)

नत्थुजीले सांगा, भाजी चांगली होती. नत्थुजीच्या हाताले माह्या बायकोच्या हाताची चव हाय.


२२ मे
(डब्यावरची दुसरी चिठ्ठी)

निरोप पोचला. नत्थुजी भाजी जळेपर्यंत तसेच उभे होते. म्हणून आज भाजीला वास आहे.


अकोला
१० जून

व्याहीबुवा,

तुमी गेले अन् घर भांय भांय करून राहिलं. नत्थुजी काल दारात येऊन विचारत होता, बुद्धिबळाचा डाव अर्धा टाकून गेले, आता कोणाची पाळी होती? मी म्हटलं, मले काय माहीत, मले त्यातला घोडाच ओळखू येते.

तुमी खुशाल पोचले हे पुंजारामनं फोनवर सांगतलं. वजन वाढलं म्हणे तुमचं. नत्थुजीच्या पोळ्या लागल्या अंगाले.

आता दुसरं. जातानी तुमी चप्पल घालता घालता मले म्हणाले, "विहीणबाई, त्या दिवसाचं आचलले सांगू नका." मी हो म्हटलं. अन् मी सांगतलंही नाई. आताही तिले नाई सांगून राहिली. मी तुमाले कागद लिहून राहिली.

(कोणत्या दिवसाचं? "तू लिही.")

डीपी जळाला अन् सगळ्या गल्लीची लाइट गेली, थो दिवस. आचल लॅबात, अमोल बार्शीटाकळीले गेलेला. कूलर बंद झाला तशी हवाच मेली घरातली.

(त्या दिवशी आईंना चक्कर आली, नत्थुजी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आले, एवढंच मला सांगितलं होतं.)

तुमाले वाटत असन मले काई आठवत नाई. मले सगळं आठवते. मी पलंगावर पडली होती अन् तुमी खुर्चीतून म्हणाले, "विहीणबाई, तुमाले घाम काहून नाई येऊन राहिला?"

मी म्हटलं, "संपला असन."

तुमी उठले. माह्या कपाळाले हात लावला अन् खिडकीतून नत्थुजीले आवाज देला, डॉक्टरले आण म्हून. तुमचा दुपट्टा ओला केला, मानीवर ठेवला, हातापायावर पाणी मारलं, ताटली घेऊन वारा घातला. मंग तुमच्या कॅनमधलं पाणी घेतलं, साखर-मीठ घातलं, गिलास माह्या तोंडाशी आणला.

मी म्हटलं, "हे नत्थुजीच्या घरचं. मी नाई पेत. आमच्या माठातलं आणा."

तुमी बिचारे धावत गेले, माठातलं आणलं, पुन्हा साखर-मीठ. मी तोंड फिरवलं. म्हटलं, "आधी तुमी."

"जीव चालला तुमचा अन् तुमी भांडून राहिल्या?"

"मी कुठी भांडून राहिली? मी तं निजली हाय. तुमीच उभे आहा."

"विहीणबाई, तुमाले माहीत हाय माहं."

"माहीत हाय. लेकरू झालं का पेसान. लेकरू काय पाणी भरते का बुवा? माठ थे भरते, आचल. नळ आला का रातीही उठून भरते. लेकीनं भरलेलं हाय का नाई, सांगा."

मी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, नाटक म्हून मिटले अन् मंग उघडेचना. तवा मले भेव वाटलं. मले वाटलं आपण जिद्दीत चाललो आता. कानावर आवाज आला, घट घट घट. मंग तुमी म्हणाले, "पेलो. आता प्या." तवा पेली मी.

("लिहून राहिली का?" आई विचारतात. लिहिते आहे.)

हे झालं पहिल्या गिलासाचं. थो तुमी माह्या जिवासाठी पेले. त्याचं पुण्य तुमाले, आभार माहे, विषय संपला.

पण डॉक्टर येऊन गेला, नत्थुजी त्याले सोडाले गेला. मी पडून होती. तुमाले वाटलं डोळा लागला म्हातारीचा. तुमी उठले. माठापाशी गेले. घडीभर उभे राहिले. अन् झाकण काढून दुसरा गिलास भरला. बसून, सावकाश, पेले. तवा तुमाले कोणी म्हटलं नोतं पेवाले. कोणाचा जीव चालला नोता.

थो गिलास कोणासाठी होता थे मी नाई विचारत. मी कशाले विचारू, मी तं झोपली होती.

मैनाबाई

(कंसात काही लिहायचं नाही आज.)


अकोला
१३ जून

बाबा,

आज आई झोपल्या आहेत आणि हा कागद माझा आहे. कंस नाहीत.

आईंचा मागचा कागद पेटीत टाकला आणि तशीच लॅबला गेले. काउंटरवर एका आजोबांचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि मी लिहिलं तुमचं नाव, सूर्यभान. ते म्हणाले, बाई, मी सूर्यभान नाही. खोडून पुन्हा लिहिलं.

मला खूप आनंद झाला आहे. आणि त्या आनंदाची मला भीती वाटते, म्हणून लिहिते.

तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही. मागच्या दिवाळीत अमोलनं आणि मी औषधं बंद केली. नागपूरच्या डॉक्टरांनी हातच टेकले होते, आम्ही त्यांच्यानंतर टेकले. मूल होणार नाही, बाबा. "होईल होईल" मधलं नाही, खरोखर नाही. आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तू जेवली का?" तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. कारण तुमच्या हिशेबानं याचा अर्थ असा होतो, की माझ्या घरचं पाणी तुम्हाला कधीच चालणार नाही. एखादा उन्हाळा नाही, दोन नाही. कधीच.

दुसरा ग्लास तुम्ही प्यायलात तेव्हा हे तुम्हाला माहीत नव्हतं. थोडी आशा ठेवून प्यायला असाल. आज ना उद्या होईलच लेकरू, थोडं आधी प्यायलो तर काय बिघडलं, असं. म्हणून आता पुन्हा ठरवा. आधी ठरवलेलं मी धरून बसणार नाही.

पण एवढं ऐका. हा उन्हाळा गेला म्हणून सुटलो असं नाही. पुढचा याच्या आधी येईल आणि जास्त मुक्काम करील. तुम्ही तेव्हा याहून म्हातारे असाल, आई पण. तुम्ही इथे होता तेव्हा आई तासातासाला पाणी प्यायल्या, तुमच्या धाकानं. नत्थुजी बुद्धिबळासाठी का होईना, संध्याकाळी खिडकीतून उठून दारापर्यंत आले. तुम्ही तिघं एकमेकांवर ओरडत होतात आणि मला लॅबमध्ये पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता काम करता आलं.

तुम्ही या, कसेही या. कॅन घेऊन या म्हणालात तर कॅन घेऊन या, मी भांडणार नाही. पण मला विचाराल तर मला दर वर्षी नत्थुजी व्हायचं नाही. भाजी मी केली की ती माझी म्हणून खा.

तुमची,
आचल


धामणगाव रेल्वे
२१ जून

आचल,

तुह्या सासूले सांग, म्हातारी बेइमान हाय. झोपायचं सोंग घेऊन पाहात होती. तिच्याशी पुढच्या वेळी बोलतो.

कागद भेटला. मी त्या दिवशी वाचला अन् ठेवून देला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला. पुंजाराम म्हणे काय झालं, मी म्हटलं काई नाई.

लेकराचं वाचलं. तू नागपूरले चकरा मारत होती अन् तुह्या बापाले माहीतच नाई. तुही माय असती तं तिले समजलं असतं. मले समजलं नाई. आता तू म्हणशीन, आधी सांगतलं असतं तं तुमी आधी पेले असते का? खोटं काहून बोलू. नसतो पेलो. मले वाटलं असतं आपण पाणी पेलो तं पोरीच्या नशिबाचं दार आपल्याच हातानं लावलं. म्हून नोतो पेत. तुह्यावर रागानं नाई. थे तुले दवाखान्यात सांगाचं होतं, पण जीभ कोरडी होती.

तू म्हणते पुन्हा ठरवा. ठरवलेलंच हाय. दुसरा गिलास मी आशेनं नोतो पेलो. मले तहान लागली होती अन् मी माह्या लेकीच्या घरी होतो.

तुमच्या माठाचं बूड झिरपून राहिलं, खालची वीट ओली होती. नवा घेजा. मोठा घेजा. पुढच्या साली मी वैशाखाची वाट नाई पाहात, चैतातच येतो. नत्थुजीले सांग, पाळी त्याची होती अन् त्याचा वजीर मरणार हाय.

पुंजारामले संग आणाचं म्हणतो. परवा थो दुपारी आडवा पडला थे लवकर उठलाच नाई, मी पाणी मारलं तवा उठला. त्याचीही खोली टिनाची. त्याले कुठीही झोपवा. त्याचं जेवणाचं काई टेन्शन नाई. त्याले लेक नाई, त्याले कोणाच्याही घरचं पाणी चालते.

सूर्यभान